हंगामाच्या मध्यावर नवा धोका दिसला तर?

ऊस विकास अधिकारी, तीर्थपुरी



बेणे, खते, पाणी, तणनाशक या विषयांवर आपण या पत्रिकेत दरवेळी काही ना काही वाचता. आजचा विषय थोडा निराळा आहे. लागणीच्या वेळी जो धोका कोणाच्या ध्यानीमनी नव्हता, तो पीक निम्म्यावर आल्यावर एकाएकी समोर उभा राहिला तर काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. हा क्रम चुकला की पैसाही जातो आणि पीकही जाते, हे महाराष्ट्रात निदान दोनदा तरी मोठ्या प्रमाणावर दिसून आले आहे. ते दोन्ही दाखले पुढे दिले आहेत.

ऊस हे पीक आहे, तसाच तो प्रकल्पही आहे

धरण बांधणे, कारखाना उभारणे याला आपण प्रकल्प म्हणतो. त्याला सुरुवातीची तारीख असते, शेवट ठरलेला असतो, खर्चाचा अंदाज असतो आणि मध्ये अनेकांचे हात लागतात. उसाचे तसेच आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि सुरू डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. तिथून तोडणीपर्यंत बारा ते अठरा महिने जातात. ज्वारी-बाजरी तीन-चार महिन्यांत हातात येते किंवा जाते, पण कळते तरी लवकर. उसात मात्र सोसायटीचे कर्ज, घरातला पैसा आणि कुटुंबाची मेहनत दीड वर्ष जमिनीत अडकून पडते. एवढ्या मुदतीत काहीच नवे घडणार नाही असे धरून चालणे बरोबर नाही.

जुना धोका व नवा धोका

खोडकीड येणार, हुमणी येणार, कालव्याचे आवर्तन मागेपुढे होणार, वीज रात्रीची मिळणार, हे आपणांस ठाऊक आहे. हे जुने धोके होत. लागण करतानाच त्यांची तजवीज करावयाची असते आणि बहुतेक सभासद ती करतातही.

नवा धोका म्हणजे जो आपल्या यादीत नव्हता तो. तो दोन प्रकारचा असतो. एक, जो आपल्या भागात पूर्वी कधी आलाच नव्हता. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली प्रथम भारतात आढळली, आणि लवकरच महाराष्ट्रात काही ठिकाणी ती उसावरही दिसली. हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे जो ओळखीचा होता, पण एवढा मोठा होईल असे वाटले नव्हते. ऊस जास्त होणे हा धोका आहे असे आपल्या अवर्षणी मराठवाड्यात कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. २०२२ साली कोणी हसले नाही.

पहिला दाखला : लोकरी मावा, २००२

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढऱ्या लोकरीसारखे काहीतरी दिसू लागले. ही लोकरी माव्याची कीड होती. ईशान्य भारतात व बंगालकडे ती आधीपासून होती, पण आपल्याकडील ऊस उत्पादकाला ती सर्वस्वी नवी. मादी नराशिवायच पिलांना जन्म देते, त्यामुळे वाढ झपाट्याने होते. कीड पानातला रस शोषते. तिच्या अंगातून गोड चिकट द्रव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पान अन्न तयार करू शकत नाही. वजन घटते, उताराही घटतो. वर्ष-दीड वर्षात ती पश्चिम महाराष्ट्रातून मराठवाड्यापर्यंत आणि शेजारच्या कर्नाटकातही पोहोचली.

सुरुवातीला काय झाले? दिसली कीड की मार फवारा. कोणते औषध, किती, केव्हा, याचा पत्ता नाही. पुरुषभर उंचीच्या उसात फवारणारा माणूस शिरणेच अवघड, औषध पानाच्या खालच्या बाजूला पोहोचत नाही आणि खर्च मात्र पुरा. शिवाय माव्याला खाणारे मित्रकीटकही त्या औषधाने मरत.

त्यानंतर कृषी विद्यापीठे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कारखान्यांचे शेती खाते यांनी कामाला शिस्त लावली. कीड कुठे आहे याची पाहणी झाली. पाला एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊ नये, कीड लागलेल्या उसाचे बेणे वापरू नये असे सांगितले गेले. डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक ओळखले गेले, वाढवले गेले व शेतात सोडले गेले. डिफाच्या हेक्टरी १,००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडाव्यात अशी शिफारस होती. जिथे मित्रकीटक स्थिरावले तिथे औषधाची गरज उरली नाही. पुढील काही वर्षांत ही कीड आटोक्यात आली.

यातून घ्यावयाचा धडा असा की नवा धोका दिसताक्षणी हाताला येईल तो उपाय करणे म्हणजे बंदोबस्त नव्हे. आधी ओळख, मग मोजमाप, मग उपाय.

कामाच्या सहा पायऱ्या

१) नोंद करा. धोका दिसला की त्याच दिवशी वहीत लिहा. तारीख, गट नंबर, काय दिसले, किती क्षेत्रात दिसले, पहिल्यांदा कोणी पाहिले. “बघू दोन दिवसांनी” म्हटले की दोन दिवसांचे पंधरा दिवस होतात. तोंडी सांगितलेले चिटबॉयच्या ध्यानात राहतेच असे नाही, आणि गट कार्यालयात तर ते पोहोचतच नाही. लिहिलेले चार ओळींचे पत्र मात्र फाईलला लागते. नोंद करणे म्हणजे घाबरणे नव्हे. नोंदवलेल्या दहा गोष्टींतील सात फुसक्या निघाल्या तरी चालेल.

२) धोक्याची आणेवारी काढा. पिकाची आणेवारी आपणांस माहीत आहे. तशीच धोक्याचीही काढता येते. हे घडण्याचा संभव सोळा आण्यांत किती आणे? आणि घडलेच तर नुकसान किती रुपये? हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पुष्कळदा आपण नुकसान मोठे दिसले की संभवही मोठा धरतो, किंवा संभव कमी आहे म्हणून नुकसानीकडे डोळेझाक करतो. दोन्ही चूक. अंदाज एकट्याने बांधू नये. बांधाशेजारचा शेतकरी, ॲग्री ओव्हरसियर आणि घरातील मंडळी, तिघांना विचारावे. शेतात रोज खुरपायला जाणाऱ्या बाईला जे दिसते ते आम्हां अधिकाऱ्यांच्या जीपमधून दिसत नाही.

३) धोक्याला धनी नेमा. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते. कालव्याच्या पाळीवर लक्ष कोण ठेवणार, तोडणीच्या तारखेचा पाठपुरावा कोण करणार, हे नाव घेऊन ठरवावे. भाऊ-भाऊ एकत्र शेती करतात तिथे तर हे अवश्य करावे, नाहीतर थोरला म्हणतो धाकट्याने पाहिले असेल आणि धाकटा म्हणतो दादा पाहतील.

४) उपाय निवडा. उपाय चारच प्रकारचे असतात : टाळणे, कमी करणे, वाटून घेणे आणि सोसणे. पाण्याचा भरवसा नाही असे लागणीपूर्वीच कळले तर तेवढे क्षेत्र न लावणे, हे टाळणे. ठिबक बसवून, पाचटाचे आच्छादन करून पाण्याची गरज उतरवणे, हे कमी करणे. चौघांनी मिळून एक विहीर, एक पाईपलाईन वापरणे किंवा मोटारीचा विमा उतरवणे, हे वाटून घेणे. सहकारी कारखाना ही गोष्टच मुळात वाटून घेण्याची आहे. १९५० साली प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने जे उभे राहिले, ते एकट्या-दुकट्याला न पेलणारा धोका अनेकांनी मिळून पेलण्यासाठीच. चौथा उपाय सोसण्याचा. नुकसान लहान आहे आणि उपाय त्याहून महाग आहे, तर समजून उमजून सोसावे. पण ते ठरवून सोसलेले असावे. न पाहिल्यामुळे सोसावे लागणे ही निराळी गोष्ट.

२०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. अशा वेळी आहे ते पाणी सगळ्या क्षेत्राला थोडे थोडे देण्यात सगळेच जाण्याची भीती असते. कोणते अर्धे वाचवायचे आणि कोणते सोडायचे हे लवकर ठरवणे जड जाते, पण शहाणपण त्यातच असते.

५) उपायातून उपजणारा धोका पाहा. लोकरी माव्यावर फवारले आणि मित्रकीटक मेले, हे वर आलेच आहे. तोड लवकर मिळावी म्हणून ऊस पेटवण्याचा मोह काहींना होतो. पेटवलेल्या उसाला कपात लागते, वजन दिवसागणिक उतरते आणि वेळेवर वाहन आले नाही तर माल हातचा जातो. शेजाऱ्याच्या फडात ठिणगी गेली तर ते वेगळेच. सबब कोणताही उपाय करण्यापूर्वी “याने दुसरे काय बिघडेल?” हा प्रश्न स्वतःला विचारावा.

६) खूण आणि तारीख ठरवा. धोका वाढतो आहे हे कशावरून ओळखायचे, आणि कोणत्या तारखेनंतर थांबायचे नाही, हे आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, “अमुक तारखेपर्यंत पाळी आली नाही तर खालच्या तुकड्याचे पाणी बंद.” अशी तारीख ठरलेली नसली की माणूस आज उद्या करीत राहतो. मग होते ते बैल गेला अन् झोपा केला.

दुसरा दाखला : २०२१-२२ चा शिल्लक ऊस

हा दाखला आपल्या दारातला आहे. पैठणचा जायकवाडी प्रकल्प १९७६ साली पुरा झाला आणि २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्याने गोदाकाठच्या या पट्ट्याचे चित्र बदलले. नाथसागर भरला की ऊस वाढतो, आटला की घटतो, हे आपले जुने गणित. २०१९ पासून लागोपाठ पाऊसमान चांगले झाले, धरण भरले, आणि लोकांनी मोठ्या उमेदीने ऊस लावला. त्यात चूक कोणाचीच नव्हती. ज्याने त्याने आपापल्या शेतापुरता बरोबर हिशोब केला होता.

पण सगळ्यांच्या बरोबर हिशोबांची बेरीज केली तेव्हा ती कारखान्यांच्या गाळप क्षमतेबाहेर गेली. त्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १३७ लाख टन साखर तयार झाली, तरी एप्रिल-मे महिन्यात जालना, बीड व मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांत ऊस उभाच होता. ऊन वाढले, तोडणी कामगार थकून गावाकडे निघाले, उसाला तुरे येऊन तो पोकळ पडू लागला. काही घरांवर तर फार वाईट प्रसंग आले. ते आठवले की आजही मन खिन्न होते.

पुढे इतर भागांतून तोडणी यंत्रे आणली गेली. शासनाने मे २०२२ मध्ये, १ मेनंतर गाळलेल्या उसाला उतारा घटीपोटी टनामागे २०० रुपये आणि ५० किलोमीटरपलीकडील वाहतुकीला टनामागे दर किलोमीटरला ५ रुपये अनुदान जाहीर केले. गाळप जूनच्या मध्यापर्यंत चालले. हे उपाय उपयोगाचे होते, पण ते मे महिन्यात आले. धोक्याच्या खुणा मात्र कितीतरी आधीपासून दिसत होत्या : भरलेले धरण, वाढलेल्या लागणीच्या नोंदी, न वाढलेली गाळप क्षमता आणि तितक्याच तोडणी टोळ्या. या चार गोष्टी एका कागदावर शेजारी शेजारी मांडल्या असत्या तर बेरीज दिवाळीपूर्वीच समजली असती. खुणा सगळ्यांजवळ होत्या, पण विखुरलेल्या. म्हणून नोंद ही पहिली पायरी, आणि ती सर्वांची एकत्र होणे ही त्याहून मोठी गोष्ट.

हिशोबाचे उदाहरण

आता हे सर्व एका सभासदाच्या शेतावर लावून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. आपण आपले घालावेत.

समजा, दोन एकर पूर्वहंगामी ऊस आहे. एकरी ४५ टन, म्हणजे ९० टन. तोड फेब्रुवारीत अपेक्षित आहे. डिसेंबरात कळले की गटात टोळ्या कमी आल्या आहेत आणि तोड मेपर्यंत लांबू शकते. नुकसानीचा अंदाज असा :

वजनातील घट १५ टन, टनाला २,८०० रुपये धरून ४२,००० रुपये.
खोडवा उशिरा धरल्याने पुढील वर्षीचे नुकसान ३०,००० रुपये.
उन्हाळी पाण्याचा जादा खर्च ८,००० रुपये.
एकूण ८०,००० रुपये.

असे होण्याचा संभव सहा आणे धरला, तर ८०,००० च्या सोळा भागांपैकी सहा भाग, म्हणजे ३०,००० रुपये. आज आपल्या डोक्यावर टांगलेले ओझे ते हे. आता उपाय पाहू. शेजारच्या पाच जणांनी मिळून सलग फड यंत्राने तोडण्यास द्यायचा ठरवला. सरी रुंद असेल तरच हे जमते. मधले दंड बुजवणे, यंत्राला वाट करणे याला आपल्या वाट्याचे ६,००० रुपये लागले. त्याने संभव सहा आण्यांवरून दोन आण्यांवर आला, तर ओझे उरले १०,००० रुपये. म्हणजे ६,००० खर्चून २०,००० चे ओझे उतरले. उपाय करण्याजोगा आहे.

पाचवी पायरी विसरू नये. यंत्राच्या वजनाने ओली जमीन दबते व खोडव्याची फूट कमी होते. म्हणून तोडणीपूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी तोडावे. आणि तारीख ठरवावी : जानेवारीअखेर यंत्राचे नक्की झाले नाही, तर पाचही जणांनी सह्या करून गट कार्यालयाला दुसरे पत्र द्यायचे.

एक सावधगिरी मात्र सांगतो. आणेवारीचा हिशोब सरासरीचा आहे. जे नुकसान एकदा झाले तर घर उठत नाही, तिथे संभव एक आणा असला तरी उपाय करावा. कर्ज काढून सगळी जमीन उसाखाली घालणाराने हे विशेष ध्यानात घ्यावे.

राखीव कशासाठी?

घरात दोन प्रकारची शिल्लक असावी. एक, माहीत असलेल्या धोक्यांसाठी : मोटार जळणे, एखादी फवारणी, पाण्याची एखादी जादा पाळी. दुसरी, ज्याचे नावही आज माहीत नाही अशासाठी. पहिलीचा हिशोब यादीवरून करता येतो. दुसरीचा येत नाही, म्हणून उसाचे बिल जमा झाले की त्यातील ठराविक हिस्सा बाजूला काढावा व लग्नकार्याला, ट्रॅक्टरच्या हप्त्याला त्यास हात लावू नये. राखीव केवळ पैशाचीच असते असेही नाही. सगळे क्षेत्र एकाच महिन्यात न लावता दोन हंगामांत विभागणे, एखादा एकर कडधान्याला ठेवणे, ही सुद्धा राखीवच.

सांगणाऱ्याला गप्प करू नका

शेवटची गोष्ट कागदाची नसून माणसांची आहे. वाईट बातमी आणणारा कोणालाच आवडत नाही. “माझ्या उसावर काहीतरी वेगळं दिसतंय” असे एखादा पोरगा म्हणाला तर मोठी माणसे म्हणतात, “तुला काय कळतंय?” गटाच्या बैठकीत कोणी शंका काढली तर अपशकुनी ठरतो. आणि कारखान्याच्या बाजूनेही, खालून आलेली अडचण वर न पोहोचवण्याची सवय कुठे कुठे असते, हे मान्य केले पाहिजे. नवा धोका पहिल्यांदा नेहमी एकाच माणसाला दिसतो. तो बोलला आणि बाकीच्यांनी ऐकले, तरच पुढच्या पाच पायऱ्यांना अर्थ आहे.

म्हणून सर्व सभासदांस विनंती अशी की घरात एक साधी वही घालावी. पहिल्या पानावर आपल्या उसाचे जुने धोके लिहावेत. उरलेली पाने नव्यासाठी कोरी ठेवावीत. दर अमावस्येला शेताला चक्कर मारून ती वही उघडावी : नवे काय दिसले, जुने काय मिटले, कोणाकडे काय काम राहिले. आणि जे एकट्याच्या आवाक्यातले नाही ते ताबडतोब लेखी स्वरूपात गट कार्यालयास कळवावे. दहा शेतांतील दहा नोंदी एकत्र झाल्या म्हणजे त्यातून पूर्ण शिवाराचे चित्र दिसते, आणि ते दिसल्यावर यंत्र मागवायचे की मित्रकीटक, टोळी वाढवायची की पाळी मागायची, हे ठरविणे आम्हांस सोपे जाते.

ज्या शेतात ही वही सुरू होईल तेथील सभासदांनी ती पुढील गट बैठकीस अवश्य सोबत आणावी. आपण ती मिळून पाहू. कळावे.